टाकीमागची गच्ची

विद्यापीठाच्या जुन्या मनोऱ्यावर माणसं न्यायची आणि आणायची, हे ज्याचं काम त्याला सगळे भिंगरी म्हणत. नाव बायकोनं ठेवलेलं. ती बिचारी लवकर गेली, नाव मागे राहिलं. या माणसाचं बूड म्हणून एका जागी टेकत नसे. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, वर्तमानपत्र तर चालता चालता. घरात खुर्च्या होत्या त्या पाहुण्यांसाठी, आणि पाहुण्यांभोवतीही तो इतक्या येरझाऱ्या घाली की तेही फार वेळ टिकत नसत. असल्या माणसाला दिवसभर जिना चढण्या-उतरण्याची नोकरी मिळाली, हे बरंच झालं. एखाद्या कचेरीत खुर्चीवर बसवला असता तर स्वतः वेडा झाला असता आणि शेजारच्या चौघांना करून सोडलं असतं.

मनोरा दगडी, जिना गोल आणि इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर पालीसारखं भिंतीला चिकटावं. म्हणून नियम सरळ होता. एक खेप वर गेली की ती उतरेपर्यंत दुसरी चढायची नाही. भिंगरीनं सगळ्यांच्या पुढे चढायचं, वरच्या सज्जातून गाव दाखवायचं आणि शेवटच्या माणसाच्या मागून उतरायचं. खाली दाराशी तिकीटबाई बसायची, ती माणसं थोपवून धरायची. पायऱ्या किती, असं प्रत्येक खेपेत कुणीतरी विचारायचंच. भिंगरी दर वेळी वेगळा आकडा सांगे आणि वर म्हणे, "खोटं वाटत असेल तर मोजा."

या जिन्याची आणखी एक खोड होती. सज्जाच्या दारात कुणी हळू बोललं तरी ते खालच्या पायरीपर्यंत ऐकू जाई. भिंगरी हा खेळ मोठ्या हौसेनं दाखवायचा. नवराबायकोतल्या एकाला खाली अर्ध्यावर उभं करायचा, दुसऱ्याला वरून कुजबुजायला लावायचा. लोक हसायचे. त्याला लोक हसलेले फार आवडत.

त्या हसण्यापायीच त्याची मुलगी गेली.

गेली म्हणजे जिवंत आहे, गावातच आहे, पण त्याच्या दारातून गेली. आई गेल्यावर तिला यानंच वाढवली होती. दुपारी ती डबा घेऊन मनोऱ्यावर यायची आणि सज्जाच्या कठड्याशी दोघं उभ्यानं जेवायची. मग मनोऱ्याचं मोठं घड्याळ बंद पडलं आणि ते दुरुस्त करायला एक घड्याळजी आला. शांत माणूस. डावा पाय उजव्यापेक्षा आखूड, त्यामुळे एकेक पायरी सावकाश चढायचा. घड्याळ चालू झालं तरी त्याचं येणं काही थांबलं नाही, तेव्हा भिंगरीच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला राग आला नव्हता, हे इथं सांगून टाकलेलं बरं. मुलगा त्याला पसंत होता. फक्त त्याच्याबरोबर जिना चढताना भिंगरीच्या जिवाची तगमग व्हायची. इतकं हळू कुणी चालू शकतं, हेच त्याला पटत नसे.

एके दिवशी ती दोघं रीतसर विचारायला म्हणून मनोरा चढू लागली. वर एक खेप ताटकळत उभी, उतरायची होती, आणि खालून ही दोघं येत असल्यामुळे उतरता येत नव्हतं. भिंगरी दारात वाकून बघे, परत येई, परत वाकून बघे. माणसं कंटाळली. तेव्हा यानं उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणाला, "आमचे होणारे जावई येताहेत. सकाळी निघालेत, दिवे लागेपर्यंत पोचतील. जगाची घड्याळं नीट करतात, पण यांचा स्वतःचाच एक काटा लहान आणि एक मोठा आहे."

लोक खो खो हसले. खाली जिन्यातला पावलांचा आवाज थांबला. मग पावलं पुन्हा वाजू लागली, पण उतरताना वाजतात तशी. जो खेळ तो दिवसातून दहादा दाखवायचा, तोच नेमका विसरला होता. उतरताना त्याला एका पायरीवर डबा ठेवलेला दिसला.

लग्नाला त्याला बोलावणं नव्हतं. बहीण जाऊन आली. म्हणाली, "अरे, जा, दोन शब्द बोल, संपलं." हा म्हणाला, "बाप मी आहे की ती?" आडमुठेपणाला औषध नसतं. पुढे कधीतरी बहिणीनं न विचारता सांगितलं, "पाण्याच्या टाकीमागे घर घेतलंय त्यांनी. दोन खोल्या आणि वर गच्ची."

"मी विचारलं का?" भिंगरी म्हणाला. "यापुढे तिचा विषय माझ्यापुढे काढायचा नाही." बहिणीनंही ते पाळलं.

दुसऱ्या दिवशी पहिली खेप वर पोचताच त्यानं टाकीकडे बघितलं. खांबांवर उभी असलेली उंच टाकी, आणि तिच्या बरोबर मागे एक गच्ची, दोरीवर कपडे. त्या दिवसापासून भिंगरीला सज्जात एक कायमची जागा मिळाली. लोकांना नदी, जुना पूल, न्यायालयाचा घुमट असं सगळं दाखवून झालं की तो त्या कोपऱ्यात जाऊन उभा राही. एवढ्या लांबून माणसं मुंगीएवढी दिसतात, चेहरा कुठला दिसायला. पण कपडे दिसत. निळा सदरा, निळी पँट. फुलाफुलांचा पलंगपोस. कपडे वाळत घातले म्हणजे घर चाललंय, एवढ्यावर तो समाधानी होता.

मग एका वर्षी दोरीवर दुपटी आली. झबली आली. भिंगरी त्या दिवशी जिना तीन-तीन पायऱ्या टाकत उतरला आणि तिकीटबाईला म्हणाला, "मी आजोबा झालो." कुणी कळवलं, असं तिनं विचारलं. "कळलं," एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी प्रत्येक खेपेला त्यानं गोळ्या वाटल्या. पुढे लहान फ्रॉक दिसू लागले, तेव्हा नात आहे हे ठरलं. त्याच्या मनात तिचं वय वाढत होतं. यंदा फ्रॉकच्या जागी शाळेचा गणवेश आला होता, आणि भिंगरी येणाऱ्या-जाणाऱ्या मास्तरांना चांगली शाळा कोणती, असं उगाच विचारत होता.

अशी सहाएक वर्षं गेली. आणि मग एका आठवड्यात ते कपडे दोरीवरून कुणी काढेचना.

पहिल्या दिवशी त्याला काही वाटलं नाही. राहतात कधी रात्रभर. दुसऱ्या दिवशी तेच कपडे, त्याच क्रमानं: पलंगपोस, पँट, सदरा, गणवेश. मधे वारा सुटला, धुळीची वावटळ उठली, पलंगपोस दोरीभोवती गुंडाळला गेला, तरी कुणी गच्चीवर आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सदरा खाली पडलेला होता. भिंगरीला मग काही सुचेना. नदी दाखवताना पूल म्हणाला, पुलाकडे बोट करून घुमट म्हणाला. वर गेला की कधी उतरतो असं व्हायचं, आणि उतरला की वर जाऊन पुन्हा बघावंसं वाटायचं, कदाचित एवढ्यात कपडे काढले असतील. मनात नाही नाही ते येत होतं. पोर आजारी. मुलगी आजारी. जावई पाय घसरून पडला. त्यातलं एकही तो मोठ्यानं बोलू शकत नव्हता, कारण जिन्याला कान होते.

"बहिणीला फोन करा की," तिकीटबाई म्हणाली. तिला यानं थोडंफार सांगितलं होतं.

बहीण आता मुलाकडे परगावी राहायला गेली होती. भिंगरीनं फोन लावला, इकडचं तिकडचं बोलला, आणि शेवटी म्हणाला, "तिकडचं काही कळलं का तुला? म्हणजे, टाकीकडचं?"

मग बहीण म्हणाली, "तिचा विषय काढायचा नाही, असं कोण म्हणालं होतं? मी आता निरोप्या होणार नाही. पाय आहेत ना तुला? दिवसभर जिने चढतोस, एक जिना तिचा चढ."

त्या दिवशीच्या दुपारच्या खेपेत एक निवृत्त मास्तर गळ्यात दुर्बीण अडकवून आले होते. भिंगरीनं ती जवळजवळ हिसकावूनच घेतली. गच्ची एकदम डोळ्यांपुढे आली. गच्चीचं दार अर्धवट उघडं होतं आणि वाऱ्यानं हलत होतं. आत काळोख. पडलेला सदरा कोपऱ्यात चोळामोळा होऊन पडला होता.

"काय हो, काय दिसतंय?" मास्तरांनी विचारलं.

भिंगरीनं दुर्बीण त्यांच्या हातात कोंबली आणि तो जिन्याकडे धावला. खेप वर, गाइड खाली, असं त्या मनोऱ्यावर कधी झालं नव्हतं. त्यात चार माणसं मागे रेंगाळून अजून चढतच होती. "भिंतीला लागा, भिंतीला लागा," करत तो त्यांच्यामधून घुसत खाली आला. एका बाईची पर्स, एका गृहस्थाचा चष्मा आणि स्वतःच्या कोपराची साल, असं सगळं घासत तो दाराशी पोचला.

"वरची माणसं?" तिकीटबाई उठून उभी राहिली.

"गाव दिसतंय त्यांना. बघू दे."

इथवर ठीक होतं. पुढे मात्र भिंगरीची फजिती झाली. वरून ज्याला सगळं गाव तळहातासारखं होतं, त्याला खाली आल्यावर टाकी सापडेना. वरून बघता नाकासमोर असलेली टाकी रस्त्यावरून घरांच्या आड दडली होती. सरळ दिसणारी वाट गल्ल्यांमधून चार वेळा वळत होती. अर्धं आयुष्य लोकांना गाव दाखवलेला हा माणूस एका फळवाल्यापुढे उभा राहून विचारत होता, "भाऊ, पाण्याची टाकी कुठंशी आली?" फळवाल्यानं हातातल्या सुरीनं डोक्यावर दाखवलं. भिंगरी टाकीच्या खाली उभा होता.

टाकीमागची इमारत सापडली. जिना चढून तो वरच्या मजल्यावर गेला आणि दार ठोठावू लागला, थांबेचना. आतून आवाज आला, "उघडंच आहे. लोटा." दार लोटून तो आत शिरला. पलंगावर एक म्हातारी बसलेली होती, घोट्याला पट्टी, पाय उशीवर.

"मुलगी कुठाय?" भिंगरी म्हणाला.

"कुणाची?"

"माझी. आणि नात? कपडे का नाही काढले?"

म्हातारीनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. घाबरली मात्र नाही. "बाबा, आधी श्वास घे," ती म्हणाली. "कपडे माझ्या मुलाचे, सुनेचे, नातीचे. तिघं सहलीला गेलीत. ती गेली त्याच दिवशी माझा पाय मुरगळला. आता कपडे काढायला गच्चीवर काय उडत जाऊ?"

भिंगरी दारातल्या दारात उभा राहिला. त्यानं तुटक तुटक सगळं सांगितलं: मनोरा, घड्याळजी जावई, टाकी, दुपटी, गणवेश. म्हातारी ऐकत गेली आणि हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला.

"सहा वर्षं तू आमच्या घरचे कपडे बघतोयस?"

भिंगरीनं होकारार्थी मान हलवली.

"टाकीमागे म्हणून तुला कुणी सांगितलं?"

"बहिणीनं."

"ती यायची कुठून?"

"बाजारातून," भिंगरी म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं. बाजार टाकीच्या एका अंगाला होता. बाजारातून येणाऱ्याला टाकीची मागची बाजू म्हणजे बर्फाच्या कारखान्याकडची. मागे म्हणजे मनोऱ्यावरून मागे, याखेरीज दुसरं मागे जगात असतं, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"पाय ओढत चालतो तो घड्याळजी ना?" म्हातारी म्हणाली. "कारखान्याच्या भिंतीपलीकडे राहतात. आमचं भिंतीवरचं घड्याळ त्यानंच नीट केलंय. चांगली आहेत दोघं."

"आणि मूल?"

"नाही रे. मूलबाळ नाही त्यांना."

भिंगरी गच्चीवर गेला. का गेला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं पलंगपोस सोडवला, सदरा झटकला, गणवेश दोरीवरून काढला. गणवेशाच्या खिशावर कुणीतरी लाल दोऱ्यानं फूल काढलं होतं. एवढं बारीक वरून कधी दिसलं नव्हतं. गोळ्या वाटल्या होत्या त्यानं या पोरीच्या नावानं. ती पोर कुठेतरी सहलीत मजेत होती, आणि त्याची कुणीच नव्हती. त्याला रडू आलं, आणि परक्या गच्चीवर परक्याचे कपडे हातात घेऊन तो रडला. मग घड्या घालून ते म्हातारीच्या पायाशी नेऊन ठेवले.

मुलीच्या दारापर्यंत जाताना त्याचे पाय पहिल्यांदाच हळू पडत होते. दार तिनंच उघडलं. ती जाड झाली होती, आणि कानामागे पेन्सिल खोचलेली होती. तिनं एकदा त्याच्याकडे आणि एकदा त्याच्या मागे, जिन्याकडे बघितलं.

"आत्याला काही झालं का?"

"नाही. मीच आलोय."

पूर्वी ती त्याला अरे-तुरे करायची. आता म्हणाली, "काय काम होतं तुमचं?"

त्यानं बोलायला सुरुवात केली. त्या दिवशी जिन्यात जे बोललो ते चुकलं, असं पुटपुटला. तिनं हात वर केला. "ते वीस माणसांपुढे बोललात, आणि हे माझ्यापाशी दारात पुटपुटताय? ज्यांना बोललात ते आत आहेत."

आत खिडकीशी घड्याळजी कामाला बसला होता. डोळ्याला भिंग लावलेलं, समोर एक उघडं घड्याळ. त्यानं सगळं ऐकलेलं असणार. भिंगरी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि या वेळी स्वच्छ, मोठ्यानं म्हणाला, "मी तुमच्या पायावरून विनोद केला. लोकांना हसवायला केला. मला क्षमा करा."

घड्याळजीनं भिंग काढलं. "बसा," तो म्हणाला. आणखी काही म्हणाला नाही. पण एक स्टूल पायानं पुढे सरकवलं, आणि भिंगरी त्यावर खरोखर बसला.

बसल्यावर मात्र त्याचा जुना स्वभाव उसळला. वातावरण हलकं करावं म्हणून त्यानं गच्चीची सगळी गोष्ट सांगितली. दुपटी, गोळ्या, फळवाला, म्हातारी. घड्याळजी हसला, दुपट्यांपाशी थांबला, पुन्हा फळवाल्यापाशी हसला. मुलगी हसली नाही. गोष्ट संपल्यावर ती उठली आणि म्हणाली, "चला, आमची गच्ची दाखवते."

गच्ची लहान होती. समोर बर्फाच्या कारखान्याची काळपट, उंच भिंत, अर्धं आभाळ खाऊन उभी. भिंगरीनं सवयीनं इकडेतिकडे मान फिरवली. कुठूनही मनोरा दिसत नव्हता.

"घर बघायला आलो तेव्हा मी आधी इथं आले," ती म्हणाली. "ही भिंत बघितली आणि लगेच हो म्हटलं. हे म्हणत होते, उजेड कमी येईल. म्हटलं, येऊ दे."

भिंगरीची नजर दोरीवर गेली. दोघांचेच कपडे होते. तिचे दोन झगे, त्याचा सदरा, टॉवेल. आणि कडेला एक तपकिरी पँट, आतली बाजू बाहेर करून टांगलेली. तिचा डावा पाय चार बोटं वर दुमडून, बारीक टाके घालून शिवलेला. वाऱ्यानं दोन्ही पाय हलत होते, एक लांब, एक आखूड.

तिनं त्याची नजर बघितली.

"तिथं निळी पँट बघत होतात ना तुम्ही? सहा वर्षं?"

"हो."

"तिचे दोन्ही पाय सारखे होते. ते नाही दिसलं?"

ती वळून कपडे काढू लागली. त्यानं मदतीला हात पुढे केला नाही आणि निघायलाही पाय उचलला नाही. ती एकेक कपडा काढून खांद्यावर टाकत होती, आणि तो तिथेच उभा राहून बघत होता.